अडखळलीस म्हणून मागच्या बाकावर बसू नकोस

अगं, बुधवारच्या महिला सभेत प्रार्थना करताना तुझा आवाज थरथरला आणि तू घरी जाऊन रडलीस, हे कळलं. पुण्याच्या मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, पंचवीस वर्षं काढली आहेत मी. पहिल्या वर्षी मीही स्तोत्र मधेच विसरले होते. कुणालाच आता ते आठवत नाही.

येशूचा प्रेषित पौल, त्याने शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारा त्रास, काढ म्हणून प्रभूला तीनदा विनवलं. काटा राहिला, उत्तर मिळालं, माझी कृपा तुला पुरे आहे. बायबलमधलं करिंथकरांस दुसरं पत्र, अध्याय 12. हे सावकाश वाच.

आणि आपल्या पंडिता रमाबाई! दुष्काळात आईवडील गेले, 1882 मध्ये वैधव्य आलं, पदरी लहान मुलगी. त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाज काढला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी टाकलेल्या बायकांना घर दिलं. उतारवयात ऐकू कमी येत असतानाही बायबलचं मराठी भाषांतर करत राहिल्या. मला तर हे फार मोठं वाटतं.

आरशापुढे स्वतःला नावं ठेवायची सवय मात्र सोड. तिथे बायबलमधलं स्तोत्र 139 चिकटव, देवाने आपल्याला अद्भुत रीतीने घडवलं असं सांगणारं.

येत्या बुधवारी माझ्या शेजारी बस. दोनच ओळी प्रार्थना कर, कागदावर लिहून आणलीस तरी चालेल.