हात दिसला की फुस्स करतो

प्रश्न: नमस्कार ताई, तीन आठवड्यांपूर्वी आम्ही एक कॉकाटील (तुरेवाला छोटा पोपट) दत्तक घेतला, वय चार वर्षं, नाव बंड्या. आधी ज्या आजींकडे होता त्यांना आता त्याचं करणं झेपत नव्हतं. पिंजरा, खेळणी सगळं त्याचंच आलंय, खातो-पितो नीट, पण हात आत घातला की मागच्या कोपऱ्यात जाऊन फुस्स फुस्स करतो आणि परवा पाण्याची वाटी बदलताना असा चावला की रक्तच आलं. मिस्टर म्हणतात जाड ग्लोव्हज घाल आणि रोज पकडून बाहेर काढ, आठ दिवसांत सुतासारखा सरळ होईल. मला ते पटत नाहीये, पण काहीच फरक पडत नाही म्हटल्यावर वाटतं की आपण त्याला नकोच आहोत का? त्याला आजींची आठवण येत असेल का?

उत्तर: ग्लोव्हज आधी कपाटात परत ठेवा. सरळ होईल हे मिस्टरांचं खरंय, पण ते कसं, तर पळायला जागाच नाही हे कळलं की पक्षी गप्प बसतो, हलत नाही, आणि आपल्याला वाटतं माणसाळला. तो माणसाळलेला नसतो, त्याने हार मानलेली असते. आणि मग पुढे वर्षभर हात दिसला की त्याला तेच आठवतं.

आता बंड्याच्या बाजूने बघा. कॉकाटील म्हणजे साधारण 80 ते 100 ग्रॅमचा जीव, तुमचा नुसता पंजाच त्याच्या तीन-चार पट वजनाचा. दोन्ही डोळे डोक्याच्या बाजूंना असतात ते कशासाठी, तर शिकारी कुठून येतोय ते दिसावं म्हणून, आणि वरून झपकन येणारी वस्तू म्हणजे त्याच्या हिशोबात ससाणाच. त्यात एका दिवसात घर, माणसं, आवाज, खिडकीतला उजेड सगळंच बदललंय. तीन आठवडे म्हणजे काहीच नाहीत हो. दत्तक आलेल्या काही पक्ष्यांना महिने लागतात.

आणि फुस्स करतो ही चांगली गोष्ट आहे, खरंच. तो चावण्याआधी सांगतोय. परवा वाटी बदलताना काय झालं असणार, त्याने तुरा डोक्याला चपटा चिकटवला, फुस्स केलं, तुम्ही म्हणालात "अरे पाणीच तर देतेय" आणि हात पुढे नेला, मग तो चावला, तुम्ही हात काढला. म्हणजे बंड्या काय शिकला? फुस्स करून काही होत नाही, चावलं की होतं! उद्यापासून हे उलटं करायचं. फुस्स केलं की हात तिथेच थांबवायचा आणि हळूच मागे. लाड केल्यासारखं वाटेल, वाटू दे. ज्याला नाही म्हणता येतं तोच कधीतरी हो म्हणतो. वाटीचं काय, तर आधी दुसऱ्या टोकाला त्याच्या आवडीचं काहीतरी अडकवा, तो तिकडे गेला की इकडची वाटी बदला, किंवा बाहेरून लावता येतात तशा वाट्या आणा, भांडणच मिटलं.

तुरा वाचायला शिका. ताठ उभा म्हणजे दचकलाय किंवा एकदम सावध आहे, चपटा आणि सोबत फुस्स म्हणजे मागे व्हा, आणि मागे कललेला पण टोकाला जरा वर वळलेला म्हणजे ठीक चाललंय. एका पायावर बसून चोचीने कर्र कर्र असा बारीक आवाज करत असेल तर तो रागाचा नाही हं, झोपेच्या आधी निवांत असले की चोच अशी घासतात.

आता काम. दोन-तीन दिवस हात आत घालणं फक्त खाणं, पाणी, सफाई एवढ्यापुरतंच. पिंजऱ्यापासून लांब खुर्ची टाका, अंगाने तिरक्या बसा, टक लावून बघू नका, पुस्तक वाचा किंवा फोनवर बोला. खाता खाता तो थांबला आणि ताठ झाला की समजा तुम्ही फार जवळ आहात, खुर्ची मागे. तो खातच राहिला तर दुसऱ्या दिवशी वीतभर पुढे. किती पुढे जायचं ते त्याने ठरवायचं, कॅलेंडरने नाही.

मग राळ्याचं कणीस. हे वाटीत अजिबात ठेवायचं नाही, फक्त तुमच्या हातूनच मिळायला हवं (बाकीचं जेवण मात्र नेहमीसारखं पूर्ण द्यायचं, एवढ्याशा पक्ष्याला उपाशी ठेवून काही शिकवायचं नसतं). लांब कणीस घ्या, एक टोक तुमच्याकडे, दुसरं जाळीतून आत. माझ्याकडे आलेल्या पहिल्या कॉकाटीलने आठ दिवस त्या कणसाकडे पाहिलंसुद्धा नाही, मी रोज दहा मिनिटं हात धरून बसायचे आणि घरचे हसायचे. नवव्या दिवशी पाय दांडीवर तसेच घट्ट ठेवून त्याने मान आणि अंग एवढं ताणलं की पक्षी कसला, पेन्सिल वाटत होता, एक दाणा ओढला आणि पळाला. माझ्या हाताला मुंग्या आलेल्या, तरी आता पुढचा दाणा देऊ या असं फार वाटत होतं. दिला नाही, हात काढून घेतला आणि उठून गेले. त्याने हिंमत केल्यावर हात निघून जातो हेही एक बक्षीसच असतं. त्यानंतर कणीस रोज थोडं थोडं आखूड धरत गेले तशी चोच बोटांजवळ येत गेली.

बोटावर घ्यायची वेळ येईल तेव्हा बोट पायांच्या जरा वर, पोटाशी. तो आधी चोच टेकवेल, तिथे सगळे घाबरून हात मागे घेतात! तो चावत नसतो, पोपटाच्या जातीला चोच म्हणजे तिसरा पाय असतो, फांदी आपल्याला पेलते का ते तो बघत असतो. फांदी हलली की विश्वास गेला. आणि खरंच चावलाच तर ओरडू नका, फुंकर मारू नका, काही न बोलता हात बाजूला.

आजींची आठवण? येत असणार. त्यांना फोन करून विचारा की कुठली शिट्टी वाजवायच्या, पिंजरा किती वाजता झाकायच्या, कुठल्या शब्दावर बोलायचा. थव्यातले पक्षी नजरेआड गेले की एकमेकांना हाक मारतात, तुम्ही खोलीतून गेल्यावर तो ओरडत असेल तर तेच आहे, तीच शिट्टी वाजवून उत्तर द्या. रात्री 10 ते 12 तास शांत झोप हवी, आणि कॉकाटील अंधारात दचकून पिंजऱ्यात धडपडतात, म्हणून बारीक दिवा असू द्या.

पक्ष्यांचं कळणाऱ्या डॉक्टरांना एकदा दाखवून आणा, कारण हे आजार लपवतात आणि दुखत असलं तरी चिडचिड करतात. नंतर तो स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर चढायला शिकला की सकाळी वजन लिहून ठेवा, दहावा हिस्सा कमी झालं तर लगेच डॉक्टर. अंग फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला तर त्याच दिवशी.

प्रश्न: आमच्याकडे एक बजी (बजरीगर, छोटा पोपट) आहे, आता दुसरा आणलाय. दोघांना एकत्र ठेवलं तर नवा लवकर माणसाळेल का?

उत्तर: नको. नव्याकडून काही आजार लागू नये म्हणून त्याला आधी निदान 30 दिवस वेगळ्या खोलीत, आणि एकाचं करून दुसऱ्याकडे जाताना हात धुवून. नंतरही, दोघांची गट्टी जमली की तुमची गरज कमी होते, म्हणून नव्याशी आधी तुम्ही ओळख करून घ्या. आणि विषय नाहीये पण सांगितल्याशिवाय राहवत नाही: नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याची वाफ पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकते, माणसाला वाससुद्धा येत नाही. पिंजरा स्वयंपाकघरात नको म्हणजे नकोच.

प्रश्न: मी बारा वर्षांची आहे. आमचा कॉन्युर (हाही एक पोपटच) फक्त आईकडे जातो, मला चावतो. मी त्याच्या पाठीवरून खूप वेळ हात फिरवते, तेव्हा आधी त्याला आवडतं आणि मग अचानक चावतो. का?

उत्तर: अगं, अचानक नाही चावत तो. पाठीवर, पंखांखाली हात फिरवला की पोपटांना ती जोडीदाराची खूण वाटते, मग ते उत्तेजित होतात आणि चावतात. तू फक्त डोकं आणि मान खाजव, तेही त्याने मान खाली घातली तरच. आणि डोळ्यांतल्या बाहुल्या भराभर लहान-मोठ्या होत असतील तर हात लांब ठेव.

आईला सांग की त्याचा सगळ्यात आवडता खाऊ आता थोडे दिवस फक्त तूच देणार. एक लाकडी काडी घे, जाळीबाहेरून टोक दाखव, चोच लावली की लगेच "शाब्बास" आणि खाऊ. मग काडी जिकडे नेशील तिकडे तो येईल, तुझा हात न लागता. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं, तो कंटाळायच्या आत थांबायचं. काडी तो चावून चावून आखूड करणार, त्यामुळे तीन-चार जास्तीच्या आणून ठेव.