दयाळ पेटीत डोकावतो, पण राहत नाही

प्रश्न : आमच्या रो-हाऊसच्या परसात, पश्चिमेच्या भिंतीवर पक्ष्यांसाठी लाकडी पेटी लावली आहे. भोक सव्वातीन सेंमीचं, खाली बसायला दांडी. मार्चपासून दयाळाची जोडी येते, मादी डोकावते आणि निघून जाते. काय चुकतंय?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : जोडीला जागा पसंत आहे, पेटी मात्र चिमणीच्या मापाची आहे. दयाळासाठी भोक ५ सेंमीचं करा आणि कड कानशीने गुळगुळीत घासा. यातून साळुंकीही शिरू शकते, तेवढा धोका पत्करावाच लागतो. भोकाच्या खालच्या कडेपासून तळ १२ ते १५ सेंमी खोल हवा, नाहीतर मांजराचा पंजा पिलांपर्यंत पोचतो. दांडी काढून टाका. दयाळाला ती लागत नाही, कावळ्याला मात्र आयती बैठक मिळते.

आतून रंग किंवा व्हार्निश अजिबात नको. पुढच्या फळीला आतून करवतीने आडव्या खाचा पाडा, कारण गुळगुळीत फळीवरून पिलांना भोकापर्यंत चढता येत नाही. तळाच्या चारही कोपऱ्यांत ६ मिमीची छिद्रं पाडा, म्हणजे आत आलेलं पाणी निथळेल.

सगळ्यात मोठा दोष भिंतीचा. मे महिन्यात दुपारनंतर पश्चिमेची भिंत तापते आणि पेटीतली पिलं उकाड्याने दगावतात. जूनमध्ये नैर्ऋत्येचा पाऊस थेट भोकात येतो. पेटी सावलीत, उत्तरेला किंवा पूर्वेला तोंड करून, अडीच-तीन मीटर उंचीवर लावा. छप्पर पुढे ५ सेंमी काढा. हे सगळं आत्ताच करा. आत गवताच्या काड्या दिसल्या, तर मात्र यंदा पेटीला हात लावू नका.

प्रश्न : आत काय चाललंय ते कसं बघायचं? पेटी उघडून मोबाइलने फोटो काढले तर चालेल का?

उत्तर : नाही. मादी अंडी टाकून जाऊ शकते, आणि वाढलेली पिलं दचकून वेळेआधीच उडी मारतात. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांच्या घरट्याला किंवा अंड्यांना उपद्रव देणं शिकारीतच मोडतं.

सकाळी उजाडल्यावर तासभर, पाच-सहा मीटर दूर, खिडकीच्या आत बसा. मादी गवत, बारीक मुळ्या नेताना दिसेल. मग ती बराच वेळ दिसेनाशी होते आणि नर जवळपास गात राहतो, म्हणजे अंडी उबवणं सुरू झालं. तिथून १२-१३ दिवस मोजा. पुढे दोघंही अळ्या घेऊन आत जाऊ लागतात. तेव्हा बाहेर पडतानाची चोच बघा. चोचीत पांढरी, ओलसर, गोळीसारखी थैली असते. ती पिलाची विष्ठा, पातळ पडद्यात गुंडाळलेली. ती लांब नेऊन टाकली जाते आहे तोवर आत पिलं जिवंत आहेत, हे नक्की. साधारण दोन आठवड्यांत ती बाहेर पडतात.

कॅमेरा बसवायचाच, तर पुढच्या वर्षी फेब्रुवारीआधी, छपराच्या आतल्या बाजूला. इन्फ्रारेड दिव्याचा घ्या, उजेडाचा नको. सीसीटीव्हीची लेन्स दूरच्या दृश्यासाठी लावलेली असते आणि पेटीत चित्र धूसर येतं. तळाशी वर्तमानपत्राचा तुकडा ठेवा, अक्षरं वाचता येईपर्यंत लेन्सची कडी फिरवा, मगच पेटी टांगा.

प्रश्न : पिलं उडाल्यावर जुनं घरटं काढू का?

उत्तर : दोन आठवडे थांबा, कारण जोडी पुन्हा अंडी घालू शकते. कुणी फिरकलं नाही तर घरटं काढा आणि पेटीत उकळतं पाणी ओतून ती उन्हात कडकडीत वाळवा. कीटकनाशक मारू नका.