घर पाहण्याआधी पाणी पाहा

बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेल्या आणि आता अमेरिकेत, दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे राहणाऱ्या एका भगिनीचे मोठे पत्र आले आहे. जुन्या शहरातील एक घर त्यांच्या मनात भरले आहे. दाराची दिशा, खिडक्या, सासूबाईंचे गुडघे, मुलांचे मराठी अशा सर्व काळज्या पत्रात सविस्तर आहेत. पाण्याविषयी मात्र एकच वाक्य आहे आणि तेही कंसात : ‘भरतीच्या वेळी रस्त्यावर थोडे पाणी येते, पण एजंट म्हणाले, इथे सगळीकडेच येते.’ ताई, मला उत्तर द्यायचे आहे ते या वाक्याचे.

‘रस्त्यावरचे दार उघडले की आधी लांब व्हरांडा लागतो आणि आजोळची ओसरी आठवते,’ असे तुम्ही लिहिता. परक्या मुलुखात इतकी वर्षे भाड्याने काढल्यावर अशा घरावर जीव जडणार, हे मी समजू शकते. पण विश्वामित्री नदीच्या काठी लहानाचे मोठे झालेल्या माणसाने पाणी कंसात टाकावे, याचे मला खरोखर वाईट वाटले.

माझ्या थोरल्या बहिणीने समा भागात तळमजल्याचे घर घेतले, तेव्हा तिलाही ‘नदी लांब आहे’ असेच सांगण्यात आले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली. बहिणीच्या घरात पाणी शिरले ते पावसाचा जोर ओसरल्यावर, कारण आजवा तलावाकडचे आणि वरच्या पाणलोटातले पाणी शहरात मागाहून पोहोचते. मगरींच्या बातम्या सर्वांनी पाहिल्या. पण गाळ उपसल्यानंतरही भिंतींतून न हटणारी ओल आणि फुगून निकामी झालेला आईचा शिसवी झोपाळा कोणत्याही बातमीत नव्हता.

तुमच्या शहरात तर पाणी भरायला पाऊसही लागत नाही. ॲशली आणि कूपर या दोन नद्यांमधील त्या चिंचोळ्या भूभागाचा मोठा हिस्सा खाड्या आणि दलदल बुजवून तयार झालेला आहे, आणि बंदरातील समुद्राची पातळी गेल्या शंभर वर्षांत सुमारे १ फुटाने वाढली आहे. त्यामुळे मोठ्या भरतीला खारे पाणी गटारांतून उलटे वर येते, आकाश निरभ्र असतानाही. त्याच वेळी मुसळधार पाऊस कोसळला, तर पाण्याला जायला वाटच उरत नाही. ‘यजमानांचे रुग्णालय चालत जाण्याइतके जवळ आहे,’ असे तुम्ही आनंदाने कळवता. तो रुग्णालयांचा परिसरही पाण्याखाली जाणाऱ्या भागांपैकीच आहे.

म्हणून सही करण्यापूर्वी विक्रेत्याकडून घराचे उंचीचे प्रमाणपत्र, म्हणजे एलिव्हेशन सर्टिफिकेट, मागा आणि तळमजल्याची जमीन पूरपातळीच्या वर किती आहे ते पाहा. घरात पूर्वी पाणी शिरले होते का आणि विम्याचे दावे झाले होते का, हे लेखी विचारा. नेहमीच्या गृहविम्यात पूर धरला जात नाही, हे आपल्यापैकी पुष्कळांना घर घेतल्यानंतर कळते. सरकारी पूरविमा इमारतीसाठी जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर आणि सामानासाठी १,००,००० डॉलर देतो, सामानाचा विमा वेगळा मागावा लागतो, आणि कर्जाच्या वेळी न घेता मागाहून घेतला तर तो सहसा ३० दिवसांनी लागू होतो. त्या भागातील घरांच्या किमती पाहता ही भरपाई तोकडीच आहे. विम्याच्या हप्त्याचा आकडा लेखी हाती आल्याशिवाय घर परवडते असे म्हणू नका. आणि एजंटांना सोबत न घेता, भरतीच्या तक्त्यात शरद ऋतूतील सर्वांत मोठी भरती शोधून, त्या वेळी त्या रस्त्यावर स्वतः जाऊन उभ्या राहा. शेजारच्या दारातील वयस्कर माणसाशी बोला. माझ्या बहिणीला समामधील जुन्या शेजाऱ्यांनी जे खरे सांगितले असते, ते विचारायला त्या वेळी कोणी गेले नाही.

खिडक्यांविषयी थोडक्यात सांगते : तेथे १९३१ पासून जुन्या वास्तूंच्या जतनाचा कायदा आहे, त्यामुळे रस्त्यावरून दिसणारा बदल त्या कायद्याखालील मंडळाच्या मंजुरीशिवाय करता येणार नाही. दक्षिणेच्या दाराची चिंता सोडा. मुले मराठी घरातच शिकतील, तुम्ही बोललात तर. सासूबाईंना जिना नको म्हणून तुम्ही तळमजल्यावर खोली योजली आहे. ताई, ज्या मजल्यावर पाणी सर्वांत आधी शिरते, तेथेच तुम्ही घरातील सर्वांत थकलेल्या माणसाला झोपवणार आहात. उंचीचे प्रमाणपत्र हाती आले की मला पुन्हा लिहा, आणि तोपर्यंत बयाणा देऊ नका.