वीज आणि 90 अंशांचं पाणी एकाच आरशातून? आधी हे वाचा

तुमचा बेत असा दिसतोय: दीड मीटर रुंद पॅराबोलिक आरसा, मधल्या नळीवर बाजारातले साधे सिलिकॉनचे सोलर सेल, 20 पट ऊन, त्यातून वीज आणि शिवाय डेअरीसाठी 90 अंशांचं पाणी. हे जमणार नाही.

20 पट ऊन म्हणजे जवळपास 20 पट करंट. साध्या उन्हात 9 अँपिअर देणारा सेल 180 अँपिअर ढकलायला बघतो. त्याच्यावरच्या चांदीच्या बारीक रेघा आणि पट्ट्या इतक्याला पुरतातच कुठे? रोधातला तोटा करंटच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 400 पट. कमाई मात्र 20 पट. साधा सेल मी दोन-तीन पटीपुढे नेत नाही. पुढे जायचं तर कॉन्सन्ट्रेटरसाठीचे, म्हणजे एकवटलेल्या उन्हासाठीचे, खास सेल लागतात, आणि त्यांच्या किमतीत तुमचं सगळं गणित कोलमडतं.

त्यात तापमान. सिलिकॉन सेलची वीज दर अंशाला साधारण 0.4 टक्क्याने घटते. पाणी 90 वर न्यायचं तर सेल स्वतः शंभरीला टेकलेला असतो. 25 अंशांला 20 टक्के देणारा सेल तिथे 14 वर येतो. पाणी 45 लाच थांबवलंत तर साडेसतराच्या आसपास मिळतात.

म्हणून कामं वाटून द्या. पहिल्या टप्प्यात सीपीसी (कंपाउंड पॅराबोलिक कॉन्सन्ट्रेटर), म्हणजे दोन पॅराबोलांच्या तुकड्यांची आरशाची पन्हळ, तळाशी सेल. स्वीकारकोन, म्हणजे ज्या कोनातलं ऊन पन्हळ आत घेते तो, मध्यरेषेपासून दोन्हीकडे 30 अंश ठेवला की जास्तीत जास्त 2 पट ऊन मिळतं. पन्हळ पूर्व-पश्चिम ठेवली तर रोज सूर्यामागे फिरवायची कटकट नाही, आणि विखुरलेल्या उजेडातलाही काही वाटा पदरात पडतो. सकाळ-संध्याकाळ टोकांना ऊन कमी पोचतं, तिथे सेल लावू नका. सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक जोडलेल्या सेलमध्ये, सगळ्यात मरतुकडा सेल बाकीच्यांना अडवतो.

तिथून निघालेलं 45 अंशांचं पाणी भांडी धुवायला वापरा, उरलेलं 90 वर न्यायला दुसऱ्या टप्प्यात, बिनसेलच्या आरशाकडे पाठवा. शिर्डीच्या प्रसादालयावरच्या 73 शेफलर डिश (ऊन एका जागी गोळा करणारे मोठे आरसे) बघा: नुसती वाफ करतात, विजेच्या भानगडीत पडत नाहीत.

एक ठेच माझी. एप्रिलमध्ये भर दुपारी लाइट गेली, पंप थांबला आणि मी जेवत होतो. परत आलो तर व्हिनेगरसारखा आंबूस वास आणि सेलवरचं ईव्हीए, म्हणजे सेलला झाकणारं पारदर्शक प्लास्टिक, चहासारखं तपकिरी. सोळा सेल गेले. तेव्हापासून टाकी पन्हळीच्या वर ठेवतो, म्हणजे पंप नसला तरी गरम पाणी आपोआप वर सरकत राहतं. दुसऱ्या टप्प्यातला आरसाही असा टांगा, की लाइट गेली की वजनानेच सूर्यावरून तोंड फिरवेल.

आणि बोअरचं पाणी सेलमागच्या नळीत थेट सोडू नका. क्षार बसला की सेल तापतो आणि बाहेरून काही कळत नाही. डिस्टिल्ड पाण्याचं बंद चक्र ठेवा, मध्ये हीट एक्स्चेंजर, म्हणजे दोन्ही पाणी न मिसळता उष्णता वापरायच्या पाण्याला मिळते. तुमची टाकी किती उंचावर बसेल आणि दिवसाला किती लिटर लागतं ते कळवा, नळीचा व्यास सांगतो.