पुस्तक आलं आणि पहाट गेली

पहिलं पुस्तक छापून आल्यावर आनंद व्हायला हवा, मग रडू का येतं? समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या लिहित्या माणसांकडून हा प्रश्न मी पुष्कळदा ऐकते. त्यातल्या एका बाईंची गोष्ट त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

वय 42, शाळेत शिक्षिका. घर जागं व्हायच्या आत, रोज पहाटे पाच ते साडेसहा, अशी दोन वर्षं लिहून त्यांनी कादंबरी पुरी केली. दोन प्रकाशकांनी परत पाठवली, एकाने उत्तरच दिलं नाही, चौथ्याने घेतली. 500 प्रती निघाल्या. प्रकाशन समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, पेढे वाटले. पुढे सगळं चिडीचूप. वर्षअखेरीस हिशेब आला : किंमत 300 रुपये, रॉयल्टी दहा टक्के, खप 137. हातात 4110 रुपये.

"मॅडम, जाऊबाईंनी चारचौघांत विचारलं, किती मिळाले गं? मी आकडा सांगितला. त्या हसल्या. तेव्हापासून झोप उडालीय. मी लेखिका नाहीच, हेच त्या आकड्याने सांगितलं ना?"

आधी मी झोप, भूक, शाळेतलं काम यांची चौकशी केली. जगणं नकोसं वाटतं का, हेही स्पष्ट विचारलं. तसं नव्हतं. (कुणाला तसं वाटत असेल, किंवा उदासी दोन आठवडे हटत नसेल, तर पुस्तकाची चर्चा बाजूला ठेवून मनोविकारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानसचा 14416 हा मोफत सरकारी नंबरही आहे.)

मग विचारलं, "आता पहाटे पाचला काय करता?"

"जाग येतेच. मोबाइल बघते. ऑनलाइन दुकानात पुस्तकाखाली कुणी काही लिहिलंय का ते."

दिवसात किती वेळा बघता, त्याच्या रेघा वहीत मारायला सांगितल्या. एका दिवसाच्या भरल्या 31.

मला धागा तिथे सापडला. दोन वर्षं रोज दीड तास या बाई कुणाची आई, सून किंवा शाळेतल्या बाई नव्हत्या. हस्तलिखित छपाईला गेलं त्या दिवशी तो दीड तास गेला. मुलगी सासरी गेल्यावर रिकाम्या घराचं दुःख लोकांना समजतं. इथे मात्र पेढे वाटले जात होते, मग रडणार कुणापाशी? हे बोलल्यावर त्या खूप वेळ रडल्या. मी थांबवलं नाही.

जाऊबाईंचं हसणं आम्ही नंतर हाताळलं. शांततेचा अर्थ त्यांनी परस्पर "नापसंती" असा लावला होता. पूर्वी त्यांची कथा दिवाळी अंकात आली, तेव्हा खाली फोन नंबर छापला होता. आठवडाभर फोन येत होते. कादंबरीचा वाचक असा लगेच बोलत नाही. शिवाय आपल्याकडे 1967 च्या ग्रंथालय कायद्यापासून अनुदानावर चालणारी वाचनालयं गावोगाव आहेत. तिथे एक प्रत वीस जणांनी वाचली तरी रॉयल्टीच्या कागदावर ती एकच. हा आकडा खपाचा आहे, तो नीट तपासावा; करारात दरवर्षी हिशेब, ई-बुक, ऑडिओ, अनुवाद यांचे हक्क काय लिहिलेत तेही बघावं. पण कादंबरी कशी आहे, हे त्या आकड्याला विचारून कळणार नाही.

दोन कामं ठरली. मोबाइल रात्री स्वयंपाकघरात ठेवायचा आणि पाच ते साडेसहा वही घेऊन बसायचं, एक ओळही सुचली नाही तरी. दुसरं, आसपासच्या दोन वाचनालयांत स्वतः जाऊन यायचं.

पहिले दहा दिवस वही कोरी राहिली. अकराव्या दिवशी त्यांनी सासूबाईंच्या जुन्या पितळी डब्याबद्दल अर्धं पान लिहिलं. एका वाचनालयात पुस्तक नव्हतंच, त्याचं वाईट वाटलं. दुसऱ्या ठिकाणी मागच्या पानावरच्या चिठ्ठीवर सहा तारखांचे शिक्के होते, आणि एकोणिसाव्या पानावर कुणीतरी एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती.

"ते वाक्य मी सात वेळा खोडून लिहिलं होतं, मॅडम," त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून वही काढून डब्याचं पुढचं पान मला वाचून दाखवू लागल्या.