रसायन फवारून पिकातल्या एखाद्या ठरावीक प्रथिनाचं प्रमाण कमी-जास्त करता येतं का?

येतं. तणनाशक म्हणून २,४-डी १९४० च्या दशकापासून वापरात आहे, आणि ते नेमकं हेच करतं. फक्त कसं, ते कळायला साठेक वर्षं लागली.

वनस्पतीत काही प्रथिनं वाढीच्या जनुकांवर दाब ठेवून असतात. ऑक्सिन हे संप्रेरक टीआयआर१ नावाच्या ग्राहीच्या (संप्रेरकाचा संदेश पकडणाऱ्या प्रथिनाच्या) खोबणीत बसतं आणि डिंकासारखं या प्रथिनांना तिथे चिकटवतं. मग त्यांच्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लागते आणि पेशी ती मोडून टाकते. हा ग्राही २००५ मध्ये ओळखला गेला, खोबणीची रचना २००७ मध्ये दिसली. २,४-डी त्याच खोबणीत बसतं. दाब उठतो, वाढ बेताल होते, रुंद पानांचं तण पिळवटून मरतं.

उलटंही होतं. जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकामुळे वाढ रोखणारी डेला प्रथिनं मोडली जातात. पॅक्लोब्युट्राझोल हे वाढरोधक रसायन जिबरेलिन तयारच होऊ देत नाही, त्यामुळे डेला साठून राहतं आणि झाड बुटकं राहतं. हरितक्रांतीतल्या बुटक्या गव्हात हेच जनुकातल्या बदलाने साधलं होतं: तिथलं डेला जिबरेलिन असूनही मोडत नाही. मला हे साम्य फार मोलाचं वाटतं. एकच प्रथिन, दोन वेगळ्या वाटांनी टिकवलेलं.

पण हवं ते कुठलंही प्रथिन निवडून असं करता येईल का? औषधशास्त्रात त्यासाठी प्रोटॅक रेणू आहेत. त्यांची कल्पना २००१ ची. एक टोक नको असलेल्या प्रथिनाला धरतं, दुसरं पेशीच्या मोडयंत्रणेला. मात्र हे रेणू मोठे असतात. पानावरचा मेणाचा थर ओलांडायचा, उन्हापावसात टिकायचं, झाडभर पोचायचं आणि दाण्यात अवशेषही उरू द्यायचा नाही, हे एकत्र जमवणं अवघड आहे.

म्हणून मला ग्राहीच बदलण्याची वाट जास्त आशेची वाटते. २०१५ मध्ये अ‍ॅब्सिसिक आम्ल या, पाणीटंचाईत झाडाला सावध करणाऱ्या संप्रेरकाच्या ग्राहीत बदल करून तो मँडिप्रोपॅमिड या बुरशीनाशकाला प्रतिसाद देईल असा केला गेला. फवारणी झाली की पर्णरंध्रं मिटतात, पाणी वाचतं. इथे प्रथिनाचं प्रमाण नाही, त्याचं काम बदलतं. शिवाय वाण जनुकबदलाचंच हवं.

तुमचा रोख दाण्यातल्या एकूण प्रथिनाच्या टक्क्यावर असेल तर विषय वेगळा आहे. तिथे आधी वाण आणि नत्र पाहा. गव्हाला फुलोऱ्याच्या सुमारास दिलेलं नत्र दाण्यातलं प्रथिन वाढवतं.