पोशाख चढण्याआधीचा पाऊण तास

गावभाग, सांगली

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तू ठेवून गेलेला लेख मी दोनदा वाचला. एकदा चहाबरोबर, आणि दुसऱ्यांदा ज्या चित्रपटावर तो लिहिला आहेस तो चित्रपट पुन्हा पाहून झाल्यावर. सॅम रेमी यांनी दिग्दर्शित केलेला २००२ सालचा ‘स्पायडर-मॅन’ आज पाहताना बाळबोध, रडवा आणि जुनाट वाटतो, असे तुझे म्हणणे आहे. तुझ्या मताशी माझे भांडण नाही, कारण मत बदलणे हा काही पुन्हा पाहण्याचा हेतू नसतो आणि दुसऱ्यांदा पाहूनही एखादी गोष्ट टाकाऊच ठरू शकते. माझी हरकत आहे ती तू त्या मताशी ज्या वाटेने पोहोचलीस त्या वाटेला. त्या वाटेवर मी स्वतः तुझ्या आधी ठेचकाळलो आहे, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहितो.

२००२ साली मी हा चित्रपट इथल्याच एका चित्रपटगृहात हिंदीतून पाहिला. ध्वनी असा फाटका होता की निम्मे संवाद मागच्या रांगेतल्या पोरांनी पुन्हा म्हटल्यावर कळत होते. घरी येऊन मी एका स्थानिक साप्ताहिकासाठी टिपण लिहिले आणि त्याला ‘परदेशी अललडुर्र’ असे नाव दिले. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये याच सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभे केले, आणि पुढे त्या धर्तीच्या पौराणिक नाटकांत राक्षस आरडाओरडा करीत, राळेच्या उजेडात रंगमंचावर घुसत, म्हणून त्या नाटकांना अललडुर्र म्हणत, हे तुला ठाऊक आहे. हिरव्या मुखवट्याचा, खदाखदा हसणारा खलनायक ग्रीन गॉब्लिन पाहून मला तोच राक्षस आठवला आणि त्या एका कोटीवर मी अख्खे टिपण रेटून नेले. लोक हसले, मी खूश झालो. मी नेमके काय पाहिले, असे मला कोणी विचारले नाही, आणि मीही स्वतःला विचारले नाही.

त्या टिपणात एक धडधडीत चूकही होती. मोठ्या शक्तीबरोबर मोठी जबाबदारी येते हे सुप्रसिद्ध वाक्य मूळ चित्रकथेतही नायक पीटरच्या बेनकाकांच्याच तोंडी आहे, असे मी ठोकून दिले होते. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांची ती मूळ कथा १९६२ सालची, आणि तीत ते वाक्य काका म्हणत नाहीत. ते शेवटच्या चौकटीत निवेदकाच्या ओळीत येते. फरक किरकोळ वाटेल, पण तो तसा नाही. निवेदक सांगतो तेव्हा ते तात्पर्य असते. चित्रपटात तेच वाक्य गाडीत बसलेला, नोकरी गेलेला एक म्हातारा माणूस तरण्या पुतण्याला सांगतो आणि पुतण्या त्याच्यावर उसळतो. तात्पर्य उचलून भांडणात ठेवणे हे पटकथालेखक डेव्हिड केप यांच्या पटकथेचे कसब आहे, आणि मूळ अंक डोळ्यांखालून घातला नसता तर ते मला कधीच दिसले नसते. तुझ्या लेखात त्या वाक्याला ‘उपदेशाचा डोस’ म्हटले आहेस. डोस कोण देतो, कोणाला, कोणत्या घटकेला, आणि घेणारा तो थुंकून टाकतो की नाही, हे आधी बघ.

गेल्या शनिवारी दिवसभर पाऊस होता. भाच्याचा मुलगा सुट्टीला आला आहे. त्याला शेजारी बसवून मी लॅपटॉपवर चित्रपट लावला आणि हातात घड्याळ घेतले. ही माझी जुनी सवय तूही लावून घ्यावीस असे मला वाटते. पहिल्यांदा चित्रपट पाहताना गोष्ट आपल्याला ओढून नेते, त्यामुळे कशाला किती वेळ दिला गेला हे कळत नाही. दुसऱ्यांदा गोष्ट माहीत असते, म्हणून दिग्दर्शकाने वेळ कुठे खर्च केला ते दिसू लागते. हा चित्रपट १२१ मिनिटांचा आहे. ज्याच्या चाव्याने नायकाला बळ येते तो कोळी चावतो सुरुवातीलाच. पण तो लालनिळा, नीट शिवलेला पोशाख घालून नायक शहराच्या रस्त्यांवर उतरतो तोपर्यंत पाऊण तासाहून अधिक वेळ गेलेला असतो. २००२ साली मला हा पाऊण तास म्हणजे जेवणाआधी ताटकळत ठेवल्यासारखा वाटला होता. आता मला वाटते की चित्रपट तिथेच आहे.

त्या पाऊण तासात एक अगदी लहान प्रसंग आहे, ज्याचा तुझ्या लेखात उल्लेख नाही आणि माझ्या टिपणातही नव्हता. बेनकाका घरात दिवा बदलत असतात. पस्तीस वर्षे वीजतंत्री म्हणून काम केल्यावर कारखान्याने त्यांना घरी बसवलेले आहे, आणि ते वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिराती चाळत आहेत. जिकडेतिकडे संगणकाची कामे, तेव्हा आता संगणकांनाही विश्लेषक लागतात म्हणे, असे काहीतरी ते पुटपुटतात. त्यांची बायको, म्हणजे पीटरच्या मेकाकू, त्यांना धीर देतात. प्रसंग मिनिटाभरात संपतो. मला मात्र आमच्या वाड्यातले वायरमन काका आठवले. गिरणी बंद पडल्यावर ते वाड्यातला कोणाचाही गेलेला दिवा न सांगता बदलून जायचे, आणि बदलल्यावर खाली उभे राहून त्या दिव्याकडे गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहायचे. क्लिफ रॉबर्टसन या नटाने ते बघणे बरोबर पकडले आहे. तू विशीत आहेस, तुला हे दिसले नाही यात तुझा दोष नाही. पण न दिसलेल्या गोष्टीचा निवाडा मात्र करू नयेस.

पुढे पहा. शाळा सुटल्यावर आपल्याला स्वयंपाकघर रंगवायचे आहे, अशी आठवण काका सकाळी पीटरला करून देतात, आणि अंगात आलेल्या नव्या बळाच्या नादात पीटर तो शब्द साफ विसरतो. भिंतीवर चढायला शिकलेला मुलगा घरच्या भिंतीला रंग द्यायला विसरतो! हे कोणीही मोठ्याने बोलून दाखवत नाही, म्हणून ते मला अधिक आवडले. त्यानंतर ग्रंथालयात जातो असे खोटे सांगून तो कुस्तीला जातो.

या कुस्तीच्या प्रसंगाला तू ‘अमेरिकन तमाशा’ म्हणून एका ओळीत उडवून लावले आहेस, याचे मला खरोखर आश्चर्य वाटले. तू सांगली जिल्ह्यातली मुलगी. कुंडलचे मैदान तुला नवे नाही, आणि नारळावरच्या कुस्तीपासून लाखाच्या जोडीपर्यंत इनामाचा मान काय असतो हे तुला मी सांगायला नको. पडद्यावर काय होते? तीन मिनिटे टिकलास तर तीन हजार डॉलर, अशी जाहिरात असते. पीटर दोनच मिनिटांत समोरच्या धिप्पाड मल्लाला लोळवतो, आणि मैदान भरवणारा माणूस त्याच्या हातावर शंभर डॉलर ठेवतो. तीन मिनिटे झालीच नाहीत ना, म्हणून. माझ्या शेजारी बसलेला तो दहा वर्षांचा पोरगा ताडकन उठून म्हणाला, “आजोबा, त्येचं इनाम बुडवलं की!” त्याला इंग्रजी फारसे येत नाही, पण प्रसंगाची किल्ली त्याच्या हाती लागली होती. पैशांची गरज आहे असे पीटर सांगतो तेव्हा तो माणूस म्हणतो की तुझ्या गरजेशी माझा काय संबंध. आणि दुसऱ्याच क्षणी त्याच माणसाला लुटून चोर पळतो, पीटर बाजूला सरून त्याला वाट देतो आणि तेच उत्तर त्या माणसाला परत करतो. प्रेक्षागृहात या उत्तरावर टाळ्या पडल्या होत्या. मीही वाजवली होती. थोड्याच वेळात रस्त्यावर काका गोळी लागून मरणाच्या दारी पडलेले असतात आणि मारणारा तोच चोर निघतो.

हे कथासूत्र १९६२ सालापासूनचे आहे, रेमी यांनी ते शोधलेले नाही. त्यांची करामत अशी की त्यांनी आधी प्रेक्षकाला टाळी वाजवायला लावली. इनाम बुडवल्याचा राग रास्त आहे, म्हणून चोराला सोडणेही रास्त वाटते, आणि मग हिशेब आपल्याच नावावर येतो. १९७८ सालच्या ‘सुपरमॅन’ चित्रपटातही नायकाचे पालक-वडील जातात, पण हृदयविकाराने. तिथे नायकाच्या वाट्याला हतबलता येते, अपराध येत नाही. इथे अपराध आहे, तोही असा की न्यायालयात उभा राहणार नाही आणि घरातून बाहेर जाणार नाही. नायक ‘रडवा’ आहे असे तू लिहितेस. पीटर झालेला टोबी मॅग्वायर पुष्कळ रडतो, हे मान्य. पण मेकाकूंसमोर त्याला खरे सांगता येत नाही आणि रडण्याशिवाय दुसरे काही करताही येत नाही, हे लक्षात घेतल्यावर तो शब्द तू ठेवशील का?

जुनाटपणाविषयी थोडे. दोन गोष्टी तू एकात कालवल्या आहेस. एक म्हणजे संगणकाने काढलेली चित्रे. इमारतींवरून उड्या मारणारी आकृती काही ठिकाणी रबरी बाहुलीसारखी दिसते, तिथे सावरून घेण्यात अर्थ नाही. पण त्याच चित्रपटात शाळेच्या खाणावळीत पीटर घसरलेल्या मुलीला एका हाताने सावरतो आणि दुसऱ्या हातातल्या ट्रेवर सगळे पदार्थ झेलतो, ते दृश्य संगणकाविना, ट्रे हाताला चिकटवून, दीडशेहून अधिक वेळा चित्रित करून मिळवले होते असे त्या चमूनेच सांगितले आहे. ते आजही जुने झालेले नाही. दुसरी गोष्ट अशी की तुझ्या पिढीने आधी नकला पाहिल्या आणि अस्सल नंतर. लाजरा मुलगा, अपघाताने मिळालेले बळ, गेलेला वडीलधारा, इमारतीच्या कडेवर बसून शहराकडे पाहणे, हे सारे तू वीस चित्रपटांत पाहून मग इथे आलीस, म्हणून तुला ते घासलेले वाटते. कोणत्या चित्रपटाने घेतले आणि कोणत्या चित्रपटाने दिले, याचा सनावळीसह एक कागद करून समोर ठेव. मूळ कथेत किरणोत्सारी कोळी होता, कारण ते अणुबाँबच्या भीतीचे दिवस होते. २००२ मध्ये त्याच्या जागी जनुकांत बदल केलेला कोळी आला. कोळ्याची जात बदलली म्हणजे काळाची भीती बदलली. असे एक वाक्य तुझ्या लेखात असते तर ‘जुनाट’ या शब्दाला काही वजन आले असते.

दोष झाकू नकोस, हेही सांगतो. नायिका मेरी जेन हे पात्र लेखकांनी वाया घालवले आहे. शेजारच्या घरातून येणारा तिच्या बापाचा आवाज आणि खानावळीतली नोकरी लपवताना तिची उडालेली तारांबळ यांत एक पुरी मुलगी दिसते, आणि मग चित्रपट तिला सज्जावरून, गल्लीतून आणि पुलावरून असे तीन वेळा किंचाळायला लावून वाचवत राहतो. गॉब्लिनच्या ताठ मुखवट्याविषयी माझी जुनी कोटी मी मागे घेत नाही. छपरावरच्या प्रसंगात तर दोघेही मुखवट्यांत, ओठ कोणाचेच हलत नाहीत, आणि आपण दोन हेल्मेटांचा संवाद ऐकतो. पण गॉब्लिनचे काम करणारा विलेम डफो आरशापुढे, उघड्या चेहऱ्याने, स्वतःशीच दोन आवाजांत बोलतो, किंवा सणाच्या जेवणाला आलेला असताना पीटरच्या हातावरची जखम पाहून क्षणभर थबकतो, तिथे भीती वाटते. भावे यांच्या राक्षसाला राळ लागत असे. या नटाला नुसते थबकणे पुरते. माझ्या टिपणात मी मुखवटा पाहिला आणि नट पाहिलाच नाही.

पुलाच्या प्रसंगाविषयी मी अजून माझ्याशीच वाद घालतो आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर, जुळ्या मनोऱ्यांमध्ये विणलेल्या जाळ्यात हेलिकॉप्टर अडकते अशी या चित्रपटाची आधीची झलक मागे घेतली गेली होती; आणि चित्रपटात न्यूयॉर्कचे साधे लोक पुलावरून गॉब्लिनवर हाताला येईल ते भिरकावतात, आमच्यातल्या एकाच्या वाटेला जाल तर सगळ्यांशी गाठ आहे, असे ओरडतात. २००२ साली मला ही सवंग देशभक्ती वाटली होती. मधल्या काळात २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण पाहिले. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी चाळीस फुटांवर गेले की इशारा, पंचेचाळीस फुटांवर धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात, आणि त्या दिवसांत कोण कोणासाठी छातीभर पाण्यात उतरले तेही आपल्याला माहीत आहे. त्यामुळे ती ओरड या वेळी मला सवंग वाटली नाही. आता हे चित्रपटाचे श्रेय की माझ्या गावाचे, ते मला ठरवता येत नाही. लेखात अशी जागा आली तर ती तशीच उघडी ठेवावी. निकाल देण्याच्या घाईने बुजवू नये.

तुझ्या लेखाचा तिसरा परिच्छेद, ज्यात संगणकीय दृश्यांची थट्टा आहे, तो जवळजवळ तसाच ठेव. तो चांगला जमला आहे. पहिला काढून टाक. दुसरा पुन्हा लिही, पण त्याआधी पुढच्या रविवारी सकाळी ये. तू आलीस की आपण दिवा बदलण्याच्या प्रसंगापासून गाडीतल्या भांडणापर्यंतचा भाग तेवढाच पाहू, आवाज बंद करून, आणि कॅमेरा कोणावर किती वेळ थांबतो ते तू वहीत टिपून घे. भाच्याचा मुलगा असेलच. कुस्तीच्या प्रसंगापर्यंत चित्रपट पुढे न्यायची परवानगी मात्र तो आपल्याला देईल असे वाटत नाही. घड्याळ माझ्याकडे आहे.

तुझा,
सर